लायसन्स आहे, उडवणं बंद: वाचक विचारतात

मागच्या अंकात मी अमेरिकेत छोटं विमान शिकण्याबद्दल लिहिलं होतं, नियमाने ४० तास लागतात पण बहुतेकांचे ६०-७० होतात, खर्च किती येतो, मेडिकल कसं असतं वगैरे. वाटलं होतं आता शिकायचंय म्हणणाऱ्यांची पत्रं येतील. ती आलीच, पण जास्त आली ती शिकून झालेल्यांची नाहीतर त्यांच्या घरच्यांची, आणि सगळी फिरून एकाच ठिकाणी येतात की लायसन्स आहे पण आता उडवत नाही. मी न्यू जर्सीत फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे, हे सारखं बघते आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सोडून जाणाऱ्यांत जपून उडवणारी, विचार करणारी माणसं खूप असतात. म्हणून यावेळचं सदर सगळं याच विषयाला. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, लांब पत्रं थोडी कमी केलीत.

प्रश्न: ताई, माझ्या नवऱ्याने दोन वर्षं शनिवार-रविवार घालून प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं. मला आणि मुलीला हडसन नदीवरून फिरवलं, सासू-सासरे सांगलीहून आले होते त्यांनाही नेलं, सासरे अजून सगळ्यांना सांगत असतात. त्यानंतर हळूहळू बंदच झालं. पैशाचा प्रश्न नाही, तब्येत चांगली आहे. विषय काढला की चिडतो. एवढ्या हौसेने शिकलेली गोष्ट माणूस अशी कशी सोडतो? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: सोडायचं असं त्यांनी बहुतेक ठरवलेलंच नसेल. एका सकाळी उठून बास, आता विमान बंद, असं म्हणणारा माणूस मला तरी क्वचितच भेटलाय. एक शनिवार जातो, मग दुसरा जातो, मग थंडी येते, आणि मार्चमध्ये लक्षात येतं की आपण ऑक्टोबरनंतर गेलोच नाही.

तुम्ही जो क्रम लिहिलाय ना, आधी तुम्ही दोघी मग सासू-सासरे, त्यातच पुष्कळ काही आहे. आमच्याकडे शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात हडसन असते आणि ती असावीच, १३०० फुटांच्या खालून नदीवरून जायचं, मोठ्या एअरपोर्टची गर्दीची हद्द आपल्या डोक्यावर, कंट्रोलरशी बोलायचं नाही, सगळ्यांनी रेडिओवर १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगत राहायचं, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, मग इंट्रेपिड हे म्युझियम झालेलं जहाज, मग स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, पुढे व्हेराझानो ब्रिज. जगात इतक्या सहज इतकं सुंदर उडायला कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही. पण ते झालं, घरच्यांना दाखवून झालं, पाहुण्यांना दाखवून झालं, आता पुढच्या शनिवारी कुठे जायचं? याचं उत्तर तयार नसलं की गाडी तिथेच अडते.

शिकत असताना हा प्रश्न पडतच नाही हो. प्रत्येक आठवड्याला पुढचा धडा ठरलेला, पहिली सोलो म्हणजे एकट्याने उडणं, मग क्रॉस-कंट्री म्हणजे दुसऱ्या एअरपोर्टपर्यंतची लांबची फेरी, मग रात्रीचं उडणं, मग लेखी परीक्षा, शेवटी चेकराइड म्हणजे विमानातली परीक्षा. कोणीतरी आपली वाट बघत असतं, फोन करतं, आज ढग खाली आहेत उद्या ये म्हणतं. चेकराइड पास झाल्यावर एक्झामिनर टेम्पररी लायसन्स हातात देतो, फोटो निघतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढच्या शनिवारी कोणाचाच फोन येत नाही, कारण त्याचा इन्स्ट्रक्टर आता दुसऱ्या स्टुडंटबरोबर आहे. उडवायचं कसं हे आम्ही दोन वर्षं शिकवतो पण उडवून करायचं काय हे कोणी शिकवत नाही. यात दोष आमच्या पेशाचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि शिकणाऱ्याने चेकराइडच्या आधीच पुढच्या सहा महिन्यांच्या ट्रिपा कागदावर मांडाव्यात असा माझा आग्रह असतो.

आता तुमच्या नवऱ्याच्या बाजूने एक शनिवार बघा. हवेत एक तास घालवायचा तर अर्धा दिवस जातो, विमान आधीच बुक करायचं, एअरपोर्टला पोचायचं, प्रीफ्लाइट म्हणजे उडण्याआधीची विमानाची तपासणी, तेल, हवामान, परत आल्यावर बांधून ठेवायचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी, नसेल तर ढगात जाता येत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धुरकट हवा आणि दुपारची वादळं, हिवाळ्यात वारा. लागोपाठ तीन वेळा कॅन्सल झालं की घरातलं कोणी तयार होऊन बसत नाही. त्यात नियम असा की पॅसेंजर घ्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली पाहिजेत. म्हणजे तीन महिन्यांचा खंड पडला तर तुम्हाला नेण्याआधी त्याने एकट्याने जायचं, एअरपोर्टभोवती तीन चकरा मारायच्या, त्याचे पैसे भरायचे, मग पुढच्या वेळी तुम्ही. शिवाय दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर फ्लाइट रिव्ह्यू, कमीतकमी एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. नियम अगदी योग्य आहेत, मला त्यात काही कमी करावंसं वाटत नाही, पण खंड पडलेल्या माणसाला परत जायला यामुळे एक पायरी जास्त चढावी लागते हे खरं.

आणि सायकल एकदा आली की आली तसं हे नाही. सहा महिन्यांत हात जातो, त्याहून लवकर रेडिओवरचं बोलणं जातं. त्याला हे आतून माहीत असतं. ऑफिसमध्ये सगळे त्याला पायलट म्हणून ओळखतात, आणि उद्या कोणी म्हणालं चल ने मला, तर आपण नेऊ शकत नाही हेही माहीत असतं. तो चिडतो ते यामुळे, तुमच्यावर चिडत नाही. तेव्हा एवढे पैसे घातलेस त्याचं काय, हे वाक्य कृपा करून टाळा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारते. तुम्हाला स्वतःला त्या विमानात बरं वाटलं होतं का? पुष्कळ घरांत पोटात ढवळलेलं असतं, नाहीतर भीती वाटलेली असते, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून बायको काही बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी काहीतरी दुसरं काम काढते. त्याला ते बरोबर कळतं. मग तो एकटाच उरतो, आणि एकट्याने गोल चक्कर मारून येण्यात किती दिवस मन रमणार. भीती वाटली असेल तर सरळ सांगा. पायलटच्या शेजारी बसणाऱ्यांसाठी छोटे कोर्स असतात, पिंच हिटर म्हणतात त्याला, रेडिओ कसा वापरायचा, विमान सरळ कसं ठेवायचं, गरज पडली तर उतरवायचं कसं एवढं शिकवतात. ते केलेल्या कित्येक बायका नंतर नकाशा मांडीवर घेऊन बसतात.

त्याला सांगा की रिव्ह्यू वगैरे मनात न आणता एक तास इन्स्ट्रक्टरबरोबर नुसता उडून ये. आणि मग ठिकाण ठरवा, जिथे गाडीने जायला नको वाटतं असं. ब्लॉक आयलंड बघा, गाडी आणि फेरी करून गेलं तर जाण्यातच दिवस जातो, छोट्या विमानाने जेवून संध्याकाळी घरी. केप मे आहे. त्याच्याबरोबर दुसरा एखादा पायलट जोडून द्या, जाताना एकाने उडवायचं येताना दुसऱ्याने, खर्च निम्मा निम्मा. प्रायव्हेट पायलटला पैसे कमावता येत नाहीत पण बरोबरच्यांनी आपापला वाटा द्यायला परवानगी आहे. जे टिकून राहतात त्यांच्याकडे मी बघते तेव्हा प्रत्येकाजवळ एकतर जायला ठिकाण असतं नाहीतर सोबत असते, बऱ्याच जणांकडे दोन्ही.

प्रश्न: लायसन्स झालं तेव्हा एकटा होतो, आता लग्न, घराचे हप्ते, एक वर्षाचं बाळ. सेस्ना १७२, म्हणजे चार सीटचं छोटं विमान, भाड्याने तासाला दोनशे डॉलरच्या आसपास पडते. मित्र म्हणतात स्वतःचं जुनं विमान घे, स्वस्त पडतं. खरंच पडतं का? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर: तुमच्या परिस्थितीत नाही. वर्षाला साधारण शंभर तासांच्या वर उडवणार असाल तर स्वतःच्या विमानाचा विचार करावा असा इथला जुना ठोकताळा आहे, आणि लहान बाळ असलेला बाप शंभर तास काढू शकेल असं मला वाटत नाही.

हिशोब असा. १७२ तासाला साधारण ८ गॅलन पेट्रोल खाते, म्हणजे पेट्रोलचे पन्नास-साठ डॉलर, तुमच्या बे एरियात जास्तच. भाड्यातले बाकीचे पैसे जातात मेंटेनन्स, इन्शुरन्स, उभं करायची जागा आणि इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करायच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवायला, जो साधारण २००० तासांनी येतो. स्वतःचं घेतलं की हे सगळं तुमच्या अंगावर, आणि यातला मोठा भाग विमान उडो न उडो भरावाच लागतो. दर बारा महिन्यांनी अॅन्युअल इन्स्पेक्शन असतं, त्यात एखादा सिलिंडर खराब निघाला तर वर्षाचं बजेट तिथेच संपलं. हँगरला तुमच्याकडे वेटिंग लिस्ट. आणि न उडवता उभं राहिलं तर इंजिन आतून गंजतं, म्हणजे कमी उडवणाऱ्यालाच विमान सगळ्यात महाग पडतं.

तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं विमान किंवा फ्लाइंग क्लब, हे मी तुम्हाला सुचवेन. खर्च वाटला जातो हे तर आहेच पण त्याहून मोठं म्हणजे विमानाबरोबर चार माणसं मिळतात, कोणी ना कोणी विचारतं की काय रे दोन महिने दिसला नाहीस.

हे एवढं महाग का झालं याला इतिहास आहे. १९८० मध्ये अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त प्रायव्हेट पायलट होते, आता पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत, देशाची लोकसंख्या तेव्हापासून किती वाढली ते बघा. ऐंशीच्या दशकात मागणी पडली, त्यात अपघातांचे दावे इतके वाढले की सेस्नाने १९८६ मध्ये एक इंजिनवाली पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये कायदा आला की १८ वर्षांहून जुन्या छोट्या विमानासाठी कंपनीवर दावा लावता येणार नाही, मग १९९६ मध्ये कॅन्ससात नवा कारखाना सुरू झाला. पण मधल्या दहा वर्षांची सेस्नाची अशी नवी विमानं नाहीतच, म्हणून आज भाड्याने मिळणारी कितीतरी विमानं उडवणाऱ्यापेक्षा वयाने मोठी असतात आणि त्यांचं दुखणं-खुपणं भाड्यात येतं.

पैसा हे खोटं कारण आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट लक्षात येते, शिकताना पंधरा-वीस हजार डॉलर घालणारा माणूस नंतर वर्षाला दोन-तीन हजार घालताना कचरतो, कारण आधी पैसे कशासाठी जातायत ते स्पष्ट होतं आणि आता नाही. तुमच्यासाठी माझा सल्ला असा की बाळ लहान आहे तोवर सरळ दोन वर्षांची सुट्टी घ्या, ठरवून घ्या, घरात सांगून घ्या, कॅलेंडरवर परतीचा महिना लिहून ठेवा. अमेरिकन लायसन्स एक्स्पायर होत नाही. मेडिकल संपतं, रिव्ह्यूची मुदत संपते, ते दोन्ही परत करता येतं, पण परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. ठरवून थांबलेली माणसं परत आलेली मी भरपूर बघितलीत, आज जाऊ उद्या जाऊ करत थांबलेली फारशी येत नाहीत.

प्रश्न: हे मी अजून कोणालाच सांगितलं नाहीये. मागच्या वर्षी एकटी असताना उतरताना आडवा वारा एकदम वाढला, विमान उसळलं आणि रनवेच्या अगदी कडेला गेलं. काही मोडलं नाही, कोणाला लागलं नाही. पण त्यानंतर मी गेले नाही. सगळ्यांना सांगते वेळ मिळत नाही. रात्री कधीकधी ते लँडिंग आठवतं. मी या कामाची नाहीच का? (डॅलस, टेक्सस)

उत्तर: तू हे लिहिलंस हे फार बरं केलंस. सोडण्याची जेवढी कारणं लोक सांगतात त्यात हे सगळ्यात कमी सांगितलं जातं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा खरं निघतं. वेळ नाही, मुलांचे क्लास, ऑफिस, असं सांगत सांगत अर्ध्या तासाने माणूस म्हणतो की एकदा ना असं झालं होतं. पुरुष तर अजूनच उशिरा सांगतात.

आता त्या लँडिंगबद्दल बोलू. तू शिकलीस ते बहुतेक १७२ वर. त्याच्या मॅन्युअलमध्ये आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉट आहे, तो कंपनीच्या पायलटने करून दाखवलेला आकडा आहे, तुझ्या हाताचा आकडा वेगळा असतो आणि तो सरावाने वर-खाली होतो. ६५ नॉटने उतरताना १५ नॉटचा वारा बरोबर बाजूने असेल तर नाक जवळजवळ १३ अंश वाऱ्याकडे वळवून यावं लागतं आणि टेकायच्या आधी रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या पट्टीने, सरळ करून वाऱ्याकडचा पंख खाली दाबून ठेवावा लागतो, टेकल्यानंतरही तो तसाच दाबायचा. बहुतेक जण टेकलं की सुटलो म्हणून हात सैल सोडतात आणि तिथेच विमान कडेला ओढलं जातं. तुझं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण शिकताना तू उडालीस ते दिवस इन्स्ट्रक्टरने निवडलेले होते, जोराच्या वाऱ्यात तुला फारसं नेलेलंच नसणार, आणि टेक्ससमधला वारा तर प्रसिद्ध आहे. जे शिकवलंच नाही ते तुला आलं नाही, एवढ्यावरून तू या कामाची नाहीस असं कसं ठरतं?

परत जायचं असेल तर एकटी जाऊ नकोस आणि शांत हवेचा दिवसही निवडू नकोस. इन्स्ट्रक्टरला आधी सगळं सांग, अगदी मला लिहिलंस तसं, आणि म्हण मला फक्त आडवा वारा करायचाय. मोठा रुंद रनवे घ्या. पहिले काही राउंड टेकायचंच नाही, रनवेच्या वर थोड्या उंचीवरून मधली रेषा धरून शेवटपर्यंत जायचं आणि वर यायचं. मग टेकायचं. मनात जराही शंका आली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जायचं, दहा वेळा केला तरी चालेल, गो-अराउंड म्हणजे हार आहे हे डोक्यातून काढून टाक. जो इन्स्ट्रक्टर हे ऐकून हसेल त्याच्याबरोबर परत जाऊ नकोस. आणि मोकळं व्हायचं असेल तर नासाची एक सोय आहे, एएसआरएस म्हणतात, १९७६ पासून चालू आहे, तिथे झालेली घटना कळवता येते, ते तुझं नाव काढून टाकतात आणि तीच माहिती दुसऱ्यांना शिकण्यासाठी वापरतात.

भीती सगळीच घालवायची नसते हेही सांगते. १६ जुलै १९९९ ला जॉन एफ. केनेडी ज्युनियर आमच्याच भागातल्या एसेक्स काउंटी एअरपोर्टवरून मार्थाज व्हिनयार्डला निघाले, रात्र, धुरकट हवा, खाली समुद्र, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. पाण्यावर अंधारात वर-खालीचं भान गेलं आणि ते, त्यांची बायको, मेहुणी, तिघंही गेली. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंग नसलेल्या २० जणांना ढगात असल्यासारखी परिस्थिती दिली, सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. छोटं विमान एअरलाइनइतकं सुरक्षित नाही, आणि तसं आहे असं जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. अशा रात्री जमिनीवर ठेवणारी भीती मला माझ्या प्रत्येक स्टुडंटमध्ये हवी आहे. तुझी भीती वेगळी आहे, ती एका न उलगडलेल्या लँडिंगची आहे आणि ती उलगडता येते. उलगडून झाल्यावर तुला वाटलं की नको आता, तर खुशाल थांब.

प्रश्न: वय ६६. पंचवीस वर्षं उडवत होतो. मागच्या वर्षी स्टेंट बसवला, ब्लड प्रेशरची गोळी आधीपासून आहे. मेडिकलचा फॉर्म भरायला हात धजत नाही. मित्र म्हणतात आता पुरे. (शिकागोजवळ, इलिनॉय)

उत्तर: काका, फॉर्म घाईने भरू नका, आणि घाईने सोडूही नका. ब्लड प्रेशर गोळीने आटोक्यात असेल तर त्यावरून सहसा अडत नाही. स्टेंटसाठी मात्र एफएए म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडून स्पेशल इश्युअन्स, म्हणजे खास मंजुरी, घ्यावं लागतं, हृदयाचे रिपोर्ट, स्ट्रेस टेस्ट वगैरे कागद लागतात. ते एकदा मिळालं की पुढे बेसिकमेडवर, म्हणजे एफएए मेडिकलऐवजीच्या सोप्या पर्यायावर, जाता येतं. ही सोय मे २०१७ पासून आहे, दर ४८ महिन्यांनी कुठल्याही लायसन्सवाल्या डॉक्टरकडून तपासणी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन कोर्स.

दुसरा रस्ता स्पोर्ट पायलटच्या, म्हणजे साध्या विमानांसाठीच्या सोप्या लायसन्सच्या, नियमांचा, त्यात ड्रायव्हिंग लायसन्स हेच मेडिकल म्हणून चालतं. २२ ऑक्टोबर २०२५ पासून हे नियम सैल झालेत आणि १७२ सारखी विमानंही त्यात बसतात, पण दिवसा आणि एकच पॅसेंजर. इथे एक पेच आहे तो नीट वाचा: तुम्ही एफएए मेडिकलचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला तर ड्रायव्हिंग लायसन्सचा हा रस्ताही बंद होतो. म्हणून आधी एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरला नुसती सल्ल्याची भेट मागा, अर्ज न करता. आणि तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मी एकटा विमान उडवणं तुम्हाला योग्य वाटतं का. ते नाही म्हणाले तर कुठल्याही नियमात बसत असलात तरी एकट्याने जाऊ नका, दुसऱ्या पायलटच्या शेजारी बसून जा. मित्रांच्या म्हणण्यावर मात्र ठरवू नका. पंचवीस वर्षं उडवलेल्या माणसाकडे जे आहे ते नव्या पोरांना फार हवंय.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, वय २६. अमेरिकेतले लोक हौसेने शिकून सोडून देतात म्हणता, इथे आम्हाला शिकायचीच संधी नाही. भारतात केवळ हौस म्हणून शिकावं का? (कोथरूड, पुणे)

उत्तर: शिकता येतं. भारतातही प्रायव्हेट लायसन्स ४० तासांवर मिळतं, क्लास टू मेडिकल लागतं, रेडिओची वेगळी परीक्षा असते. पण शिकून झाल्यावर काय, हा प्रश्न तुझ्यासाठी इथल्यापेक्षा जास्त अवघड आहे म्हणून तो आधी विचार.

भारतात हौशी उडण्याची सुरुवात जोरात झाली होती. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा, जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला देशातलं पहिलं लायसन्स मिळालं, आणि ते अगदी म्हातारपणापर्यंत उडवत राहिले, १९३२ ची कराची-मुंबई फेरी त्यांनी १९८२ मध्ये पुन्हा केली. त्यांचं टिकलं कारण त्यांच्याकडे उडायला कारण होतं, अख्खी एअरलाइन त्यातून उभी राहिली. आज मात्र बारामती, गोंदिया, धुळे, कुठेही शिकायला येणारी मुलं २०० तासांचं कमर्शिअल लायसन्स आणि पुढे एअरलाइनची नोकरी यासाठी येतात, विमानं त्यांच्यातच पुरत नाहीत. रविवारी एकट्याला भाड्याने विमान मिळणं कठीण, विमानाचं खास पेट्रोल मोजक्या ठिकाणी मिळतं, बाहेर कुठे जायचं तर फ्लाइट प्लॅन, एअर डिफेन्सची परवानगी. म्हणजे लायसन्स मिळेल पण बहुतेक फाइलमध्ये राहील.

तू पुण्यात आहेस तर कामशेतला जा. पावसाळा संपला की तिथे पॅराग्लायडिंग सुरू होतं, शिकवणारे आहेत, आणि मुख्य म्हणजे शिकून झालेली माणसं तिथे दर शनिवार-रविवारी परत येतात, कारण स्वतःचा ग्लायडर पाठीवर घेऊन येता येतं, खर्च झेपतो आणि डोंगरावर ओळखीचे चार चेहरे असतात. हवा वाचायला शिकशील, वारा कुठून फिरतो, ऊन पडल्यावर कुठून वर उचलतं, ते सगळं पुढे विमानातही उपयोगी येतं. दोन-तीन सीझन तिथे टिकलास आणि तरीही इंजिनचं विमान हवंच असं वाटलं तर मग पैसे घाल.

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा आहे, उडायला शिकायचं म्हणतो. तुमचे लेख वाचून भीती वाटते की हाही सोडून देईल. घालावं का? (राले, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर: सोडून दिलं तरी हवामान वाचणं, चेकलिस्ट, चूक झाली की लपवायची नाही लगेच सांगायची, हे त्याच्याजवळ राहतं, ते काही कमी नाही. सोलोला १६ वर्षं पूर्ण लागतात, लायसन्सला १७, म्हणजे वेळ आहे. आत्ता लगेच पैसे भरू नका. ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेचा यंग ईगल्स म्हणून कार्यक्रम आहे, १९९२ पासून, ८ ते १७ वर्षांच्या मुलांना पायलट स्वतःच्या खर्चाने एकदा विमानातून नेतात. तुमच्या जवळच्या चॅप्टरला, म्हणजे त्यांच्या शाखेला, फोन करा. तिथे त्याला नुसतं उडायला पाठवू नका, नंतर थांबू द्या, हँगर झाडायला, विमान पुसायला, म्हाताऱ्या पायलटांच्या गप्पा ऐकायला. चार-पाच महिने तो तिथे आपणहून जात राहिला तर ट्रेनिंग सुरू करा, आणि सगळे पैसे एकदम आधी भरायला सांगणाऱ्या ठिकाणी घालू नका, धडा झाला की पैसे असं ठेवा. पहिल्या फ्लाइटला सकाळची वेळ मागा, उन्हाळ्याच्या दुपारी खालची हवा तापते, विमान फार हलतं, आणि पहिल्याच दिवशी उलटी झाली तर तो बिचारा उगाच नको म्हणेल.